आईसोबत मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को, दुबईमार्गे

मे महिन्यात आईला घेऊन धाकट्या भावाकडे कॅलिफोर्नियाला गेलो. मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को सरळ अंतर साधारण 13,500 किलोमीटर. दुबईवरून जायचं म्हटल्यावर आईचा पहिला प्रश्न, "उगाच वळसा कशाला?" वळसा आहेच, पण वाटतो तेवढा नाही. मुंबई–दुबई सुमारे 1,930 आणि तिथून पुढे 13,040. म्हणजे दीडेक हजार किलोमीटर जास्त. विमानाच्या हिशेबात जेमतेम पावणेदोन तास. वेळ खातो तो मधला थांबा.

तरी तो फार कापू नका. गेल्या खेपेला 1 तास 40 मिनिटांचा घेतला होता. पहिलं विमान उशिरा, त्यात अमेरिकेच्या विमानासाठी गेटवर पुन्हा तपासणी. धापा टाकत पोचलो. या वेळी पावणेतीन तास ठेवले. वयस्कर माणूस बरोबर असेल तर याहून कमी नकोच. व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगून ठेवा.

दुबई 55 अंश पूर्वेला, सॅन फ्रान्सिस्को 122 अंश पश्चिमेला. बेरीज 177, म्हणजे दोन्ही शहरं गोलाच्या जवळजवळ समोरासमोरच्या बाजूंना, आणि जवळची वाट थेट उत्तर ध्रुवाकडून. मे महिन्यात तिकडे सूर्य मावळत नाही. सकाळी नऊच्या सुमारास दुबई सोडली, 15 तास 40 मिनिटं उडालो आणि उतरलो ते भर दुपारी. आई मधूनमधून खिडकीची झडप किलकिली करून विचारायची, "अरे, दिवेलागण कधी?" ती झालीच नाही.

पहाटे 4:30 ला मुंबई सोडून त्याच तारखेला दुपारी 1:30 ला पोचलो. घड्याळात 9 तास. उन्हाळ्यातला साडेबारा तासांचा फरक मिळवा (हिवाळ्यात साडेतेरा), की खरा प्रवास साडेएकवीस तासांचा. आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून वाटेत भारतीय वेळेनेच दिल्या. गोळ्या हातातल्या बॅगेतच ठेवा, चिठ्ठीसकट.

खाऊचं मात्र नीट ऐका. अमिरातीत खसखशीला बंदी आहे, तेव्हा अनारसे घरीच ठेवा. भाजणी, मेतकूट मोठ्या बॅगेत टाका. 350 मिलिलिटरपेक्षा जास्त पूड हातातल्या सामानात असली तर अडवतात. ताजा हापूस अमेरिकेत नेता येत नाही, कढीपत्ताही नाही. आईने एक डझन काढून ठेवले होते, ते शेजारी गेले. कस्टम्सवाल्याने खाण्याचं काही आहे का विचारलं तर सरळ हो म्हणा. आमची दहा मिनिटं गेली, इतकंच. शाकाहारी असाल तर 'एशियन व्हेजिटेरियन' जेवण आधी नोंदवा. 'हिंदू मील' या नावावर जाऊ नका, त्यात मांस असू शकतं.

पोचल्यावर रात्री नऊपर्यंत तरी जागं राहायचं. मी राहिलो. आई चार वाजताच आडवी झाली आणि रात्री एक वाजता उठून तिने सगळ्यांसाठी चहा टाकला.