रशियन शिकले, उत्तर समजेल इतपत

मॉस्को आणि सेंट पीटर्सबर्गचं बुकिंग झालं तेव्हा हाताशी काही महिने होते. ओळखीतल्या एक काकू सोव्हिएत काळात पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये रशियन शिकलेल्या. फोनमध्ये उतरवून घेतलेली वाक्यांची लांबलचक यादी घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी ती धड बघितलीसुद्धा नाही. म्हणाल्या, "अगं, 'स्टेशन कुठे आहे' हे तू विचारशील झोकात. समोरचा मिनिटभर बोलेल, त्याचं काय करणारेस?"

पुढची सगळी तयारी मग याच धोरणाने झाली. ज्याचं उत्तर हो, नाही, एखादा आकडा किंवा हातवारे यांत मिळेल, तेवढंच विचारायचं. 'मेट्रो कुठे?' असं न विचारता बोट दाखवून 'मित्रो तुदा?' म्हणजे मेट्रो तिकडे का? उत्तर येणार 'दा' नाहीतर 'न्येत'. तरीही कोणी वाट सांगायला लागलंच तर कानाने टिपायचे शब्द तीनच: नप्रावा म्हणजे उजवीकडे, नल्येवा डावीकडे, प्र्यामा सरळ. 'मोझ्ना?' हा तर हुकमी एक्का. फोटो काढू का, इथे बसू का, आत येऊ का, सगळ्याला तो चालतो. नकार असेल तर 'निल्झ्या' ऐकू येतं, आणि ते ज्या सुरात येतं त्यात शंकेला जागा उरत नाही.

वाक्यांआधी काकूंनी अक्षरं गिरवायला लावली. 33 आहेत, रोज थोडी केली तर आठवड्याभरात बसतात. छळतात ती इंग्रजीसारखी दिसणारी. पाटीवर 'पेक्टोपाह' लिहिलंय असं वाटतं, ते असतं 'रेस्तरान'. पण अक्षरं आली की निम्मं काम होतं, कारण काफे, बांक, अप्त्येका (औषधांचं दुकान), कास्सा (पैसे भरायची जागा) हे वाचल्यावर कळतंच. आत जायचं दार 'व्खोद', बाहेर पडायचं 'वीखद'. मेट्रोत हे दोन आणि गाडी बदलायचा 'पिरिखोद' वाचता आले की कोणालाच काही विचारावं लागत नाही.

उच्चारांत मराठी माणसाला एक फायदा आहे. चमच्याचा च वेगळा आणि चहाचा च वेगळा हे आपल्या जिभेला ठाऊक असतं. रशियनमध्ये या दोन उच्चारांना दोन स्वतंत्र अक्षरंच आहेत. लिंगंही आपल्यासारखी तीन. 'कळलं' म्हणताना मी 'या पनिला' म्हणायचं, नवऱ्याने 'या पोन्यल'. मी आले, तो आला, तसंच. अवघड जातो तो आघात, म्हणजे शब्दात जोर कुठे द्यायचा ते. आघात नसलेला 'ओ' बोलताना 'आ'कडे झुकतो, म्हणून लिहायचं 'खोरोशो' (छान) आणि म्हणायचं 'खराशो'. त्यामुळे नुसतं वाचून पाठ करण्यात अर्थ नाही, ऐकायलाच हवं. मी भाजी चिरताना ऐकायचे.

सगळ्यात जास्त वेळ आकड्यांना दिला आणि त्याचंच चीज झालं. 2022 पासून आपल्याकडची व्हिसा आणि मास्टरकार्डची कार्डं तिथे चालत नाहीत. रोख रूबल मोजायचे म्हणजे 'स्कोल्का?' (किती?) विचारल्यावर येणारा आकडा कळायला हवा. रशियन आकडे सोपे आहेत, विसाच्या पुढे 'वीस एक, वीस दोन' असेच जातात. 2019 मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात हेच आणलं तर आपल्याकडे केवढा गदारोळ झाला होता! फक्त बारा आणि वीस, 'द्विनात्सत' आणि 'द्वात्सत', घाईत सारखेच ऐकू येतात. तिथे 'नपिशीत्ये' (लिहून द्या) म्हणून सरळ कागद पुढे करावा. कॅशियर न चुकता विचारते ते 'पाक्येत नूझिन?', पिशवी हवी का. न्ये नादा, नको.

खाण्याचं प्रकरण मोठं. आम्ही शाकाहारी. 'ब्येज म्यासा', मांस नसलेलं, एवढं म्हणून भागत नाही. कोंबडी आणि मासे हे मांसात धरले जातीलच असं नाही. त्यांची वेगळी नावं घ्यावी लागतात: ब्येज कूरित्सी, ब्येज रीबी. पण खरा उपयोगी शब्द काकूंनी दिला, 'पोस्नये'. ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांच्या उपासाला चालणारं, मांस-अंडी-दूध नसलेलं. 'एता पोस्नये?' विचारलं की समोरची बाई लगेच समजते. स्तलोवाया म्हणतात तिथल्या कँटीनमध्ये ट्रे घेऊन रांगेने सरकायचं. बोर्शच्या, म्हणजे बिटाच्या सूपच्या, पातेल्याकडे बघून मी हे विचारलं, तर वाढणाऱ्या बाईंनी डावाने तळातला मांसाचा तुकडा वर काढून दाखवला आणि पुढच्या भांड्यातल्या कुट्टूच्या दाण्यांकडे, ग्रेच्काकडे, मान केली. 'वोत एता, पझालुस्ता', हेच द्या. सोबत बटाटे भरलेले वारेनिकी, उकडलेल्या करंज्यांसारखे. जेवण झकास झालं.

फोनवरचं भाषांतराचं अ‍ॅप होतंच, औषधाच्या दुकानात त्यानेच तारलं. पण मागे रांग खोळंबलेली असताना ते उघडत बसणं जमत नाही. जाता जाता, मॉस्को मेट्रोत गाडी शहराच्या मध्याकडे निघाली असेल तर घोषणा पुरुषाच्या आवाजात होते, बाहेर निघाली असेल तर बाईच्या. एक शब्द न कळताही दिशा कळते.

नवऱ्याला अण्णाभाऊ साठेंचा पुतळा बघायचाच होता. 2022 मध्ये तो मॉस्कोच्या परदेशी साहित्याच्या ग्रंथालयात बसवला गेला. तागान्स्काया स्टेशनला उतरून तिथवर गेलो. दारातल्या बाईंना अख्खं वाक्य सांगायच्या फंदात न पडता तुकडेच सांगितले: पाम्यित्निक, पिसात्यिल, इज इंदिई. स्मारक, लेखक, भारतातले. "साते?" त्यांनी विचारलं. आम्ही दोघंही एकदम "दा, दा!" मग त्या जे बोलत सुटल्या त्यात मला 'नप्रावा' तेवढं सापडलं. आम्ही उजवीकडे वळलो.