धुक्यातले किंडर स्काउट

तोरणा-राजगडाची वारी केलेल्या माणसाने 636 मीटरच्या डोंगराचे दडपण घ्यावे असे काही कारण नव्हते. त्यामुळे इंग्लंडात शेफिल्डला राहणाऱ्या मित्राने तिथल्या पीक डिस्ट्रिक्ट या डोंगराळ भागातल्या किंडर स्काउटचा बेत सुचवला, तेव्हा मी नकाशा न पाहताच होकार दिला. त्याने मात्र ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटिश नकाशा-संस्थेचा नकाशा आणि होकायंत्र आठवणीने घेतले होते.

ईडेल स्टेशनावर उतरून अपर बूथच्या शेतवाटेने आम्ही निघालो आणि अरुंद दगडी पुलावरून ओढा ओलांडून जेकब्स लॅडर चढलो. नावावरून मी कळसूबाईसारख्या लोखंडी शिड्या धरून चाललो होतो. निघाली ती दगड बसवलेली वाट. खरी अडचण माथ्यावर होती, कारण किंडरला सुळकाच नाही. वर विस्तीर्ण पठार आहे, आणि त्या दिवशी धुके इतके दाट होते की वीस पावलांवरचा मित्रही दिसेनासा होई.

मी फोन काढला, पण पडद्यावर पावसाचे थेंब आणि बोटे बधिर, त्यामुळे नकाशा भलतीकडेच सरकू लागला.

"ठेव तो खिशात," मित्र म्हणाला. त्याने होकायंत्राची कड ईडेल रॉक्सपासून किंडर लोच्या सर्वेक्षण-खांबापर्यंत नकाशावर लावली, तबकडी फिरवून तिच्या रेषा नकाशाच्या उत्तर-दक्षिण रेषांशी जुळवल्या आणि सुईचे लाल टोक बाणात बसेपर्यंत मला जागच्या जागी वळायला लावले. अंतर काहीशे मीटरच होते, तरी पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या काळ्या चिखलात माझा डावा पाय गुडघ्यापर्यंत रुतला आणि मोजलेली पावले विसरलो. पुढे पांढरा खांब दिसला, तेव्हा कुठे जिवात जीव आला.

खांबाच्या आडोशाला चहा पिताना मित्राने सांगितले की, हे पठार एके काळी जमीनदारांच्या शिकारीसाठी राखीव होते आणि एप्रिल 1932 मध्ये शेकडो लोक बंदी मोडून इथे चढले, त्यापायी पाच जण तुरुंगात गेले.

परतताना पठाराची दक्षिण कड धरली. उतार सतत उजव्या हाताला ठेवायचा, एवढाच नियम होता. ग्राइंड्सब्रुकच्या ओढ्यातले धोंडे उतरायला चढापेक्षा जास्त वेळ लागला. ईडेलच्या फलाटावर मी डावा बूट उलटा केला, तर त्यातून काळे पाणी निघाले. मागे वळून पाहिले, तर किंडर तेव्हाही ढगातच होता.