पुरी दिसणारी अर्धवट फाइल

मंगळवार, रात्री उशिरा

आजही कॉम्प्युटरचं मशीन मधेच बसलं. निळा पडदा नाही, कसली सूचना नाही. पंखा घरघरला आणि खटकन सगळं बंद. वाचनालयाच्या व्याख्यानमालेच्या जुन्या कॅसेटी डब्ल्यूएव्हीत, म्हणजे आवाज न दाबता ठेवणाऱ्या मोठ्या फाइलींत, उतरवून झाल्यात, आता त्यांच्या फ्लॅक (आवाज तोच, फाइल लहान) आणि एमपी३ करायच्या आहेत. ९० मिनिटांची एक कॅसेट सीडीच्या दर्जात साडेनऊशे एमबीच्या घरात जाते. अख्खा फोल्डर कन्व्हर्टरला लावून द्यायचा आणि झोपायचं, असा साधा बेत होता.

वाचनालयाच्या कार्यवाहांना फोन केला तर म्हणाले, "अहो, सॉफ्टवेअरच टाकाऊ असणार तुमचं." सगळ्यांचं पहिलं बोट तिकडेच. पण एन्कोडर, म्हणजे आवाज दाबून नवी फाइल बनवणारा प्रोग्राम, बिघडला तर सहसा तो एकटा बंद पडतो, घरातली वीज गेल्यासारखं अख्खं मशीन आडवं होत नाही. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे घडामोडींच्या नोंदवहीत, नोंद एवढीच: कर्नल-पॉवर ४१. म्हणजे रीतसर शटडाउन न होता बंद पडलं. का, ते ही नोंद सांगत नाही. संशयित उरले दोन, एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) आणि उष्णता. नागपुरात मे महिना चालू असताना माझा कल कुणीकडे होता हे सांगायला नको.

एमपी३ करणारा लेम एन्कोडर एका फाइलला प्रोसेसरचा एकच कोर, म्हणजे स्वतंत्र काम करणारा एकच भाग, वापरतो, म्हणून कन्व्हर्टर जितके कोर तितक्या फाइली एकदम घेतो. मेल, ब्राउझर यात प्रोसेसरला मधेमधे दम खायला मिळतो. इथे तासन्‌तास शंभर टक्के. तापला की तो आधी आपणच वेग कमी करतो, तरी आवरलं नाही तर जळण्याआधी बंद होतो. तापमान बघत बसलो तर आकडा नव्वदी ओलांडून चढतच होता.

बाजूचं झाकण काढलं. पंखा आणि हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) यांच्यामध्ये धुळीची अक्षरशः गोधडी. पंख्याचं पातं बोटाने धरून ब्रशने झाडलं. हीटसिंकखालची थर्मल पेस्ट, म्हणजे उष्णता पुढे पोचवणारा लेप, नखाने खरवडली तर भुकटी होऊन पडली. नवी लावली, आणि एकावेळच्या फाइली निम्म्यावर आणल्या. आता आकडा सत्तरीत रेंगाळतोय.

खरी डोकेदुखी पुढेच. बंद पडतानाच्या फाइली फोल्डरमध्ये जशाच्या तशा होत्या. नाव बरोबर, वाजतातही, फक्त वक्ता ऐन रंगात आला की गप्प. कन्व्हर्टर पुन्हा चालू केला की 'आधीच आहे' म्हणून त्यांना ओलांडून पुढे जातो. असल्या सोयीपेक्षा गैरसोय परवडली! फ्लॅकचं एक बरं, मूळ आवाजाचा एमडी५ ठसा, म्हणजे त्यावरून काढलेला पडताळणीचा आकडा, फाइलच्या सुरुवातीला असतो, पण तो उमटतो काम पुरं झाल्यावर. अर्धवट फाइलवर ठसाच नसतो, तपासणी लावली की पकडली जाते. एमपी३ला असं काही नाही. तिथे मूळ फाइलशी मिनिटं-सेकंद ताडून पाहायचे.

आता कन्व्हर्टर चालवणारी स्क्रिप्ट, म्हणजे माझी आज्ञांची यादी, बदललीय. फाइल आधी तात्पुरत्या नावाने बनते, पुरी झाली की खरं नाव मिळतं. कार्यवाहांना पेनड्राइव्हवर आधी फ्लॅकच देणार. एमपी३ची घाई त्यांना आहे, मला नाही.