तुम्ही विचारलंत म्हणून : आण्णा आणि इंग्रजांची पलटण

आमचे आजोबा, म्हणजे आण्णा, दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढले म्हटलं की लोक आधी भारावतात. मग जरा चाचरत विचारतात, "म्हणजे इंग्रजांच्याच बाजूने ना?" आणि सातारा जिल्हा ऐकला की पुढचा प्रश्न ठरलेला. तिकडे तेव्हा इंग्रजांविरुद्ध नाना पाटलांचं प्रतिसरकार चालू होतं, आणि हे इंग्रजांचा गणवेश घालून? त्यांना त्याचं काहीच वाटायचं नाही?

वाटायचं. पण विचारणाऱ्यांना जिथे वाटायला हवं असतं, तिथे नाही.

आमचं गाव खटाव तालुक्यातलं. पाऊस नावापुरता, जमीन मुरमाड, त्यात भावाभावांची वाटणी. अशा घरातल्या पोराला दोनच वाटा होत्या: मुंबईची गिरणी, नाहीतर बेळगावची मराठा पलटण. आण्णा 1941 साली भरती झाले, कारण छाती मोजून झाल्यावर त्यांना पोटभर जेवायला मिळालं. हे कारण ते शेवटपर्यंत असंच सांगायचे, कसलाही मुलामा न देता. इंग्रजांचा विषय कुणी काढलाच तर म्हणायचे, "पोटासाठी गेल्तो. पोट काय इंग्रजाचं हुतं व्हय?"

हे उत्तर तोंडपाठ होतं. त्यामागे आणखी एक गोष्ट होती, ती मात्र त्यांनी मला एकदाच सांगितली. 9 सप्टेंबर 1942 ला वडूजच्या कचेरीवर मोर्चा गेला, पोलिसांनी गोळीबार केला, त्यात परशुराम घार्गे आणि त्यांचे साथी गेले. मोर्चात आमच्या भावकीतलेही लोक होते. आण्णा तेव्हा बेळगावात. सुट्टीवरून परतलेल्या एका गाववाल्याने त्यांना हे सगळं सांगितलं. "गोळी पोलिसांनी घातली," आण्णा म्हणाले, "पर बंदोबस्ताला आमची कंपनी धाडली असती तर?" मी काही बोलायच्या आत त्यांनी रेडिओचा आवाज वाढवला.

इटलीबद्दल बोलायला मात्र त्यांची कधी ना नसे. त्यांची पलटण म्हणजे पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन, आठव्या हिंदी (म्हणजे भारतीय) डिव्हिजनमधली. आण्णा सिग्नलमध्ये होते. पाठीवर तारेचं भेंडोळं घ्यायचं, फोनची लाइन टाकत पुढे जायचं, तोफगोळ्याने ती तुटली की अंधारात चाचपडत तुटलेलं टोक शोधायचं आणि जोडायचं. चाकू काढायला वेळ कुठला, तार दातानेच सोलायची. त्यांचा समोरचा एक दात कडेला कपरा उडालेला होता तो त्यामुळे. पुढे घरात वीज आली तेव्हाही ते वायर दातानेच सोलायचे आणि आजी वैतागायची.

9 एप्रिल 1945 ला या पलटणीने सेनिओ नदी ओलांडली. नदी लहानशी, पण दोन्ही काठांना पुरापासून बचावासाठी घातलेले उंच बांध, आणि त्यांत जर्मनांनी मशिनगन आणि सुरुंग पेरलेले. त्याच दिवशी याच पलटणीतल्या नामदेव जाधवांनी दोन जखमींना पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून मागे पोहोचवलं, मग एकट्याने मशिनगनच्या तीन चौक्या गप्प केल्या, आणि बांधावर चढून गर्जना देत बाकीच्यांना पुढे बोलावलं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे इंग्रजांचा शौर्याचा सर्वोच्च सन्मान, मिळाला. याच पाचव्या मराठ्याच्या तिसऱ्या बटालियनमधल्या यशवंत घाडगे यांना आदल्या वर्षी तोच सन्मान मरणोत्तर मिळाला होता. पगार इंग्रज राजाचा, नदी इटलीतली आणि गर्जना शिवाजी महाराजांच्या नावाची. ज्यांना या प्रकरणाचं एका वाक्यात उत्तर हवं असतं, त्यांच्यासमोर मी हे ठेवतो आणि म्हणतो, आता तुम्हीच सांगा.

1946 मध्ये आण्णांना घरी पाठवलं. नोकरी कमी भरली, त्यामुळे पेन्शन नाही. मग राहिलेली दुसरी वाट, मुंबईची गिरणी.

त्यांचे चुलतभाऊ बापू प्रतिसरकारात भूमिगत होते. पुढे त्यांना स्वातंत्र्यसैनिकाचं पेन्शन मिळालं, ताम्रपट मिळाला. एकाच वाड्यातले दोघे, युद्ध चालू असताना एक सरकारच्या फौजेत आणि दुसरा त्याच सरकारच्या वॉरंटवर! लोकांना वाटतं, आयुष्यभर धुसफूस असेल. तसं काही नव्हतं. 15 ऑगस्टला शाळेत झेंडावंदन बापूंच्या हस्ते व्हायचं, पण झेंड्याची घडी घालून, आत फुलं ठेवून, गाठ मारायचं काम आण्णांचं. एका झटक्यात सुटेल पण वाऱ्याने सुटणार नाही अशी गाठ दुसऱ्या कुणाला जमत नसे. एके वर्षी गुरुजींनी स्वतः बांधून बघितली. झेंडा वरच अडकला आणि राष्ट्रगीत खोळंबलं.

"इंग्रजाचा शिपाई" हा शब्द बापूंनी त्यांना एकदाच ऐकवला, तोही बांधावरून. बापूंच्या नांगराने आमचा बांध कोरला होता. आण्णांनी जाब विचारला आणि बापूंच्या तोंडून ते निघून गेलं. आण्णा म्हणाले, "शिपाई हाय म्हणूनच हद्द कळती मला." महिनाभर बोलणं बंद होतं. मग आजीने पुरणपोळ्या पाठवल्या. बांध अजून तसाच वाकडा आहे, तो वेगळा विषय.

उतारवयात राज्य सरकारकडून महायुद्धातल्या सैनिकांचं मानधन सुरू झालं. दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा. एकदा यंत्र त्यांचा अंगठाच घेईना, घासून घासून रेषा गेलेल्या. खिडकीपाशी ते खणखणीत आवाजात म्हणाले, "मी जिता हाय, ह्येला कोन सांगायचं?" रांगेतले सगळे हसले, साहेबही हसले, पण आम्हाला दुसऱ्या दिवशी पुन्हा यावं लागलं.

पंचाण्णव वर्षं जगले. शेवटी डावा कान पुरता गेला होता. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, तोफांचा परिणाम हो, दुसरं काय! आण्णा हसून मान डोलवायचे, कारण त्यांना ऐकूच आलेलं नसायचं. कान तोफेने गेला नव्हता. गिरणीच्या साळखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, मागांच्या खडखडाटात त्यांनी तीस वर्षं काढली, तिथे गेला. त्या तीस वर्षांबद्दल मला आजवर कुणी काही विचारलेलं नाही.