काचेची पेटी यूव्ही ग्लूने जोडली, माझा अनुभव

बाबांनी रिटायर झाल्यावर लाकूड आणि पीओपी वापरून राजगडाचं मॉडेल केलंय, बालेकिल्ला, तिन्ही माच्या, सगळं. त्याच्यावर रोज धूळ बसायची आणि ती झटकताना सुवेळा माचीचा एखादा बुरूज हमखास उडायचा. म्हणून काचेची पेटी करायची ठरली. साइझ 450 बाय 300, उंची 250 मिलिमीटर, चार बाजूंना 5 एमएम काच, खाली लाकडी बेस, वर क्लिअर अ‍ॅक्रिलिकचं झाकण. काचवाले काका म्हणाले, "सिलिकॉन मार की कोपऱ्यात, विषय संपला." त्यांचं चूक नाही, फिशटँक असता तर मी पण सिलिकॉनच मारलं असतं कारण पाण्यात कायम राहणाऱ्या जोडाला यूव्ही ग्लू (अतिनील उजेड मारल्यावर घट्ट होणारा गोंद) चालत नाही, काच आणि गोंदाच्या मधे पाणी हळूहळू शिरतं आणि पकड जाते. पण इथे पाण्याचा संबंध नाही आणि मला कोपऱ्यात ती दुधट जाड पट्टी नको होती. सुपरग्लू लावला तर कडेला पांढरी वाफ धरते आणि काचेवर तो फार दिवस टिकत पण नाही. इपॉक्सी पिवळं पडतं. राहिला यूव्ही ग्लू.

हा गोंद वाळत नाही हे आधी डोक्यात पक्कं बसायला हवं. त्यात फोटोइनिशिएटर नावाचं द्रव्य असतं, त्याच्यावर ठरावीक तरंगलांबीचा उजेड पडला की ते फुटतं आणि पातळ गोंदाच्या साखळ्या जुळून काही सेकंदात घट्ट प्लास्टिक होतं. उजेड पोचलाच नाही तर महिनाभर ठेवा, आत तसाच ओला राहणार. डेंटिस्ट दात भरताना निळा लाइट मारतात तो प्रकार हाच, फक्त तिथे उजेड निळा आणि इथे बहुतेक करून 365 ते 405 नॅनोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे अतिनील ते जांभळा. त्यामुळे खरा प्रश्न कुठला ग्लू भारी हा नसून आपला टॉर्च कशाच्या आरपार मारायचाय हा आहे, आणि माझं सगळं काम याच एका गोष्टीभोवती फिरलं.

पुण्याच्या तपकीर गल्लीतून दोन टॉर्च आणले, एक 365 चा आणि एक 405 चा. मग एक सोपी टेस्ट केली, तुम्ही पण करा. शंभराची नोट अंधारात धरून तिच्यावर 365 चा टॉर्च मारला की नंबर चमकतात. आता टॉर्च आणि नोटेच्या मधे तुमचा तुकडा धरायचा. साधी 5 एमएम काच धरली तर नंबर जवळजवळ तसेच चमकत राहिले, म्हणजे 365 आरपार जातोय. अ‍ॅक्रिलिक धरलं तर चमक गेलीच. पॉलीकार्बोनेट धरलं तरी तेच, कारण शेडवर टाकायच्या पत्र्यात उन्हाने पिवळं पडू नये म्हणून यूव्ही अडवणारा थर मुद्दाम दिलेला असतो, आणि लॅमिनेटेड काचेत मधली फिल्म हेच काम करते. दिसायला सगळंच आरपार, पण यूव्हीसाठी ती भिंत. अ‍ॅक्रिलिक सगळं सारखं नसतं, काही शीट 365 सोडतात, त्यामुळे दुकानदाराला विचारत बसण्यापेक्षा नोट धरून बघा. आणि बाटलीवर वाचा की तो ग्लू 405 ला पण सेट होतो का, सगळे होत नाहीत. मी दोन्हीला होणाराच घेतला.

आता काच. कडा नुसत्या कापलेल्या चालत नाहीत, घासून पॉलिश करून घ्याव्या लागतात, नाहीतर जोडात प्रत्येक खरवड दिसते. काकांनी त्याचे वेगळे पैसे लावले, पण तिथे हात आखडू नका. घरी आणून काच आधी साबणाने, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, नेहमीचा ग्लास क्लीनर नको कारण त्याचा थर मागे राहतो. जुलैचे दिवस, बाहेर धो धो, हवेतला दमटपणा काचेवर बसलेला असतो आणि तो जोडाचा शत्रू, म्हणून कडांवरून हेअर ड्रायर फिरवून काच हाताला कोमट लागेल इतपत गरम केली. पडदे ओढले, कारण खिडकीतल्या उजेडाने पण हा ग्लू सेट व्हायला लागतो.

मग दोन काचा कोरड्याच उभ्या केल्या, गुण्या लावून काटकोन बघितला, बाहेरून कागदी टेप. ओढून दाबून बसवायचं नाही हां, काच ताणात राहिली तर पुढे कधीतरी तडकते. आणि आता जो भाग सगळ्यात भारी वाटला तो म्हणजे बाटलीचं बारीक टोक जोडाच्या वरच्या टोकाला टेकवलं आणि थेंब सोडला की पातळ ग्लू आपोआप फटीत ओढला जातो. ती ओली रेघ वरून खाली सरकताना दिसते, आणि जिथून ती जाते तिथे कडेची हिरवट चमकणारी रेघ विझत जाते, कारण सेट झाल्यावर गोंदाचा अपवर्तनांक (प्रकाश आत शिरताना किती वाकतो तो आकडा) दीडच्या आसपास आणि काचेचा 1.52, प्रकाशाला मधे काही आहे हेच कळत नाही. एखादा बुडबुडा अडकला तर तो लगेच चांदीसारखा चमकतो, तिथे काच केसभर हलवली की निघतो. मग 365 चा टॉर्च थोडे सेकंद मारून नुसतं पकडवून घेतलं, बाहेर आलेला ओघळ अल्कोहोलच्या फडक्याने पुसला, पुन्हा सगळं तपासलं आणि मग खालपासून वरपर्यंत सावकाश फायनल क्युअर, म्हणजे टॉर्च मारून गोंद पूर्ण घट्ट केला. बाहेर राहिलेल्या ग्लूचा वरचा थर चिकट लागतो तो हवेतल्या ऑक्सिजनमुळे, आतला जोड कच्चा आहे असा त्याचा अर्थ नाही.

झाकण टेकायला आतून पॉलीकार्बोनेटच्या बारीक पट्ट्या लावायच्या होत्या. पट्टी यूव्ही अडवते, पण काच नाही ना अडवत, मग पट्टी आतून धरली आणि टॉर्च बाहेरून काचेतून मारला, झालं काम. 'राजगड' लिहिलेली अ‍ॅक्रिलिकची छोटी पाटी बाहेरून, तिला टॉर्च पेटीच्या आतून. झाकणाची मूठ मात्र अ‍ॅक्रिलिकवर अ‍ॅक्रिलिक, तिथे काचेचा रस्ताच नाही, तिथे 405, तो अ‍ॅक्रिलिकच्या आरपार जातो.

अ‍ॅक्रिलिकची एक खोड आहे. लेझर कटवाल्याकडून काही उरलेले तुकडे मागून आणले होते, त्यांच्या कडेला अल्कोहोल लावून ठेवलं तर थोड्या वेळाने उजेडात तिरकं धरल्यावर कडेत बारीक बारीक चिरांची जाळी, हाताला लागत नाही पण दिसते. लेझरच्या उष्णतेने कडेत ताण राहतो आणि अल्कोहोल किंवा ओला ग्लू तिथे शिरून तो ताण चिरांच्या रूपाने बाहेर काढतो. लेझरने कापलेलं अ‍ॅक्रिलिक 80 अंशांच्या आसपास काही तास तापवून सावकाश गार केलं तर ताण जातो, पण घरच्या ओटीजीच्या (छोट्या ओव्हनच्या) आकड्यावर माझा विश्वास नाही, म्हणून मूठ सीएनसी राउटरवर (कॉम्प्युटरने चालणाऱ्या कटिंग मशीनवर) कापून घेतली, साबणपाण्याने धुतली, ग्लू अगदी थेंबभर आणि लगेच लाइट. पॉलीकार्बोनेटला पण ग्लू फार वेळ ओला ठेवायचा नाही.

दादाचं म्हणणं होतं झाकण पण चिकटवून टाक, धूळ शून्य. नाही चिकटवलं. अ‍ॅक्रिलिक तापमानाने काचेच्या सात-आठ पट फुगतं, 450 एमएम लांबीला 30 अंशांचा फरक धरला तर दोघांत पाऊण मिलिमीटरहून जास्त तफावत येते, आणि कडक जोड इतकं सहन करत नाही, एकतर सुटतो नाहीतर काच फोडतो. छोट्या पाटीला हा फरक फार पडत नाही म्हणून ती चिकटवली. झाकण नुसतं टेकलेलं आहे, उचललं की निघतं, बाबांना मधेच एखादी तटबंदी रंगवायची हुक्की येते तेव्हा ते बरंच पडतं.

हातमोजे नायट्राइलचे घाला, या गोंदातल्या अ‍ॅक्रिलेटची अ‍ॅलर्जी एकदा लागली की कायमची मागे लागते. 365 चा टॉर्च डोळ्यांना मंद दिसतो म्हणून त्याच्याकडे बघू नका, यूव्ही अडवणारा चष्मा हवाच, काचेवरून परत फिरलेला उजेड पण डोळ्यात जातो. बाटली वापरून झाली की टोक पुसून, झाकण लावून काळ्या पिशवीत, आणि टॉर्च तिच्याजवळ लावून बघत बसायचा नाही, टोकातच सेट झाला तर बाटली टाकूनच द्यावी लागते.