कोंबडीची पिसं

शाळेच्या महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी लिहायचा निरोप बाईंकडून आला, तेव्हा नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. शनिवारची सकाळची शाळा, प्रयोगशाळेतला सांगाडा, मधल्या सुट्टीत फाटकाशी मिळणारी बोरं, या सगळ्यावर बाकीचे लिहितीलच. मला फक्त बाईंबद्दल लिहायचं आहे, आणि तेही एकाच दुपारबद्दल.

2011 चा डिसेंबर. आम्ही आठवी ब. स्नेहसंमेलनात आमच्या वर्गाचं 'आदिवासी नृत्य' होतं आणि पिसांचं काम माझ्याकडे होतं. नाक्यावरच्या चिकनवाल्याकडून पिशवीभर पिसं आणली, साबणाच्या पाण्यात धुतली, ग्रंथालयामागच्या ओट्यावर वाळवली. पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवर डिंकाने चिकटवून अकरा मुकुट तयार केले. कमरेला आंब्याचे डहाळे, तोंडाला काजळ, हातात थर्माकोलचे भाले आणि खोट्या शेकोटीभोवती आरडाओरडा, असा तो नाच. टोळीचा राजा कोण होणार ते ठरत नव्हतं. मीच म्हणाले, "वसतिगृहातल्या त्याला करा ना, त्याला मेकअपसुद्धा लागायचा नाही." सगळे हसले. तोही हसला.

बाई दारात उभ्या होत्या. ओरडल्या नाहीत. आत आल्या, माझ्या हातातला मुकुट घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि त्याला विचारलं, "तुमच्याकडे लग्नात असं घालतात का रे?"

"नाही बाई."

"मग काय घालतात?"

तो बराच वेळ गप्प होता. मग एकेक वाक्य बाहेर यायला लागलं. आजोबा तारपा वाजवतात, तेव्हा नवी बंडी घालतात. तारपा दुधी भोपळ्याचा असतो, त्याला बांबू आणि ताडाची पानं लावून मेणाने जोडतात. नाचताना तारप्याकडे पाठ करायची नाही. ओरडत तर कुणीच नाही. बाई बाकावर बसून ऐकत होत्या. मग आमच्याकडे वळून एवढंच म्हणाल्या, "आठ दिवस तालीम चालली आहे तुमची. याला कोणी विचारलंत का?"

संमेलनाला त्याचे आजोबा आले. बाईंनी स्वतः एसटीचे पैसे दिले होते, हे मला खूप नंतर कळलं. मुकुट कुठे गेले ते आठवत नाही.

आज मी मिनियापोलिसला मिनेसोटा विद्यापीठात शिक्षणशास्त्रात पीएच.डी. करते आहे, पूर्ण शिष्यवृत्तीवर. आपल्या शाळेतून इथवर पोचले याचा मला मनापासून अभिमान आहे. 'अमेरिकन इंडियन स्टडीज' हा अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचा अभ्यास करणारा विभाग याच विद्यापीठात 1969 साली सुरू झाला. त्यातल्या एका वर्गात माझ्या शेजारी बसणारी मुलगी ओजिब्वे या मूळ रहिवासी जमातीची, मिनेसोटाच्या उत्तरेकडच्या रेड लेक या त्यांच्या वस्तीतली. पहिल्याच आठवड्यात तिने मला विचारलं, "तुमच्याकडेही लोक तुम्हाला पिसं लावतात का?" तिच्या लहानपणी थँक्सगिव्हिंगच्या आधी शाळेत कागदी पिसांच्या पट्ट्या करायला लावायचे, तिलासुद्धा. आणि पिसांचा तो लांबलचक मुकुट मैदानी प्रदेशातल्या जमातींचा. तिच्याकडची ओळख म्हणजे मण्यांनी भरलेली फुलं आणि तळ्यातला भात, मनोमिन. होडीत बसून दोन काठ्यांनी तो झोडून घेतात. आपल्या भातझोडणीचं मी तिला सांगितलं तेव्हा ती खुर्ची ओढून जवळ आली. तिला मी त्या अकरा मुकुटांबद्दलही सांगितलं. ते सांगणं सोपं नव्हतं.

रेड लेक हे नाव अमेरिकेत बहुतेकांना एकाच दिवसामुळे माहीत आहे. 21 मार्च 2005, सोमवार. सोळा वर्षांच्या एका मुलाने घरात आजोबांना आणि त्यांच्या जोडीदारणीला मारलं. आजोबा पोलिसात होते. त्यांचीच शस्त्रं आणि गाडी घेऊन तो हायस्कूलला गेला. दारात मेटल डिटेक्टर होता आणि त्यापाशी निःशस्त्र सुरक्षारक्षक. त्याला, एका शिक्षिकेला आणि पाच विद्यार्थ्यांना मारून त्याने स्वतःला संपवलं. एकूण दहा जीव गेले. माझी मैत्रीण तेव्हा दुसरीत होती. ती सांगते, पुढचे कितीतरी दिवस बाहेरून आलेले लोक दारू, गरिबी आणि बेकारीबद्दलच विचारत होते. जणू त्या मुलाने नव्हे, अख्ख्या जमातीने बंदूक उचलली होती. 1999 मध्ये कोलंबाइन हायस्कूलमध्ये दोन गोऱ्या मुलांनी गोळीबार केला, तेव्हा चर्चा झाली व्हिडिओ गेम आणि संगीताची. गोऱ्यांच्या रक्तात काय आहे, असं कोणी विचारलं नाही. त्याच रेड लेकच्या वर्गात एका पंधरा वर्षांच्या मुलाने नुसती पेन्सिल घेऊन मारेकऱ्यावर झडप घातली. गोळी त्याला लागली, तो वाचला आणि त्याच्यामुळे इतरही वाचले. मैत्रीण म्हणते, आमच्याबद्दल सांगायचं असेल तर त्याच्यापासून सुरुवात करा.

मिनेसोटाच्या जुन्या झेंड्यावर राज्याची मुद्रा होती. तीत शेत नांगरणारा गोरा शेतकरी आहे, घोड्यावरून जाणारा 'इंडियन', म्हणजे तिथला मूळ रहिवासी आहे आणि शेतकऱ्याजवळच्या झाडाच्या बुंध्याला टेकवलेली बंदूक आहे. 11 मे 2024 पासून झेंडा बदलला. पिसं आणि बंदूक इतकी वर्षं एकाच चित्रात, एवढ्या जवळ होती, हे मैत्रिणीने बोट ठेवून दाखवलं तेव्हा मला दिसलं.

इथे कायद्याने प्रत्येक शाळेत वर्षाला किमान पाच लॉकडाऊन ड्रिल, म्हणजे कोणी हल्लेखोर शाळेत शिरला तर दार लावून लपायचा सराव, घ्याव्या लागतात. संशोधनासाठी मी ज्या प्राथमिक शाळेत जाते, तिथे पहिल्यांदा ड्रिल झालं तेव्हा पहिलीच्या वर्गात होते. शिक्षिकेने दाराला कुलूप लावलं, दिवे घालवले, आणि वीस मुलं खिडकीपासून लांबच्या भिंतीशी मांडी घालून बसली. कुणी चकार शब्द काढला नाही. माझ्या शेजारच्या मुलाच्या बुटात चालताना लुकलुकणारे दिवे होते. अंधारात पाय हलला की ते लाल पेटायचे. त्याने दोन्ही तळहातांनी ते बूट झाकून धरले आणि ड्रिल संपेपर्यंत हात उचलले नाहीत. 27 ऑगस्ट 2025 ला याच शहरात, अनन्सिएशन शाळेच्या चर्चमध्ये, सकाळच्या प्रार्थनेला बसलेल्या मुलांवर गोळीबार झाला. दोन मुलं गेली. त्या रात्री मी बाईंना फोन केला. त्यांनी विचारलं, "तिथे वर्गाला कडी आतून असते का ग?" आपल्या वर्गांना आतून कडीच नव्हती. दार वाऱ्याने आपटू नये म्हणून बाई त्याला वीट लावून ठेवायच्या.

आता आपल्या शाळेलाही उंच कुंपण झालं आहे, कॅमेरे बसले आहेत, हे ग्रुपवरच्या फोटोंत पाहते. नव्या इमारतीचा आनंद आहे. पण गेल्या संमेलनाचा व्हिडिओ पाहून मला रात्रभर झोप आली नाही. तीच पिसं, तेच काजळ, फक्त गाणं डीजेचं. बाई निवृत्त झाल्या, एवढंच कारण असेल का? मुख्याध्यापकांना माझी हात जोडून विनंती आहे, पुढच्या वर्षी वसतिगृहातल्या मुलांना आधी विचारा. तारपा वाजवणारी माणसं एसटीच्या अंतरावर आहेत.

आणि तू. आठवी ब, शेवटचा बाक. तू हसलास म्हणून तुला काही वाटलं नसेल, असं मी कितीतरी वर्षं धरून चालले होते. मी तुझी माफी कधीच मागितली नाही, ती आज इथे मागते. बाईंकडे तुझा नंबर नाही, मी विचारला. महोत्सवाला मी येते आहे, दोन दिवस आधीच. तुझे आजोबा असतील तर त्यांना माझा नमस्कार सांग.