कळंगुटचं भूतघर: फुस्स वाजलं की भूत येतं

दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून आलेल्या भाचरांच्या हट्टापायी कळंगुट-बागा पट्ट्यातलं एक भूतघर बघून आलो. नाव लिहीत नाही, कारण मला तक्रार नोंदवायची नाहीये. पुढे जाणाऱ्यांचे पैसे आणि संध्याकाळ वाया जाऊ नये एवढंच. माझं मत विचाराल तर मोठ्यांनी जाऊ नये. आठ ते बारा वयाची मुलं असतील, त्यांनी डोकं खाल्लंच असेल, तर जा, पण वेळ साधून जा. वेळ का महत्त्वाची, ते पुढे येईलच.

आम्ही डिचोलीहून अस्नोडा, म्हापसा, पर्रा असे गेलो. म्हापशापर्यंत काही नाही, पण हडफड्याच्या पुढे गाडी मुंगीच्या पावलांनी सरकायला लागली. शनिवारची संध्याकाळ, त्यात दिवाळीची सुट्टी. भूतघराला स्वतःचं पार्किंग नाही. शेजारच्या मोकळ्या जागेत एक पोरगा शिट्टी वाजवत गाड्या घुसवतो आणि पैसे घेतो. पावती मागून घ्या, म्हणजे निघताना दुसरा पोरगा पुन्हा मागणार नाही. म्हापशाहून कळंगुटला खाजगी बसेस दिवसभर आहेत, त्याने गेलात तर पार्किंगची कटकटच नाही. मात्र रात्री आठनंतर परतीची बस मिळेलच असं धरून चालू नका. टॅक्सीचं भाडं आधी ठरवा किंवा गोवा माइल्सच्या अ‍ॅपवरून बोलवा. रस्त्यात हात दाखवून थांबवलेली टॅक्सी तिकिटापेक्षा महाग पडते.

तिकीट माणशी ३०० रुपये, लहान मुलांनाही तेवढंच. खिडकीवर आरशांचा भूलभुलैया आणि एक थरथरणाऱ्या खुर्च्यांचा सिनेमा असं तिन्हींचं एकत्र तिकीट गळ्यात मारायला बघतात. नुसतं भूतघर मागितलं तर देतात, पण दोनदा सांगावं लागतं. भाच्याने मोबाइलवर जो व्हिडिओ पाहिला होता त्यात जुना पोर्तुगीज वाडा, कौलं, खिडक्यांना शिंपल्यांची तावदानं असं सगळं होतं. तो वाडा म्हणजे फायबरचा दर्शनी भाग. मागे पत्र्याची शेड आहे, आणि रांगेत उभं राहिलं की बाजूने ती दिसते, वातानुकूलन यंत्रांच्या पाठींसकट. आईने ते बघितलं, "मी बाहेर बसते, तुमी जावा," म्हणाली आणि शहाळंवाल्याच्या बाकड्यावर जाऊन बसली. आमच्यात सर्वांत सुखाची संध्याकाळ तिचीच गेली.

या विषयाशी माझा संबंध म्हणाल तर गावच्या जत्रेतल्या नाटकांची प्रकाशयोजना मी बघतो. त्यामुळे आत शिरल्यावर घाबरायचं सोडून माझं लक्ष दिवे कुठे लपवलेत, वायर कुठून काढलीय याकडेच जाणार, हे मान्य. पण सोबत भाची होती, वय आठ. घरी पाल दिसली तर पलंगावर चढणारी पोरगी. तिला तरी भीती वाटायला हवी होती की नाही?

पहिल्या खोलीत एक नन उभी आहे. अंधार, जांभळा उजेड, पांढऱ्या रंगाने चमकणारा चेहरा. ती एकदम पुढे झेपावते, हात वर करते, किंकाळी वाजते. हे सगळं दाबलेल्या हवेवर चालतं: मागे कॉम्प्रेसर, वाटेत पायाखाली दाबपट्टी किंवा सेन्सर, पाय पडला की व्हॉल्व्ह उघडतो आणि सिलिंडर तो पुतळा पुढे ढकलतो. यंत्र चांगलं आहे, स्वस्तातलं नाही. पण व्हॉल्व्ह गळत असावा, कारण पुतळा हलायच्या क्षणभर आधी फुस्स असा आवाज येतो. आमच्या भाचीने तो पहिल्याच खोलीत पकडला. दुसऱ्या खोलीत शिरताच तिने माझी बाही ओढली, "मामा, आता फुस्स होणार बघ." झालं. शवपेटीचं झाकण उघडलं, आतला सांगाडा उठून बसला, आणि पोरगी टाळ्या पिटायला लागली. तिथून पुढे प्रत्येक भुताची वर्दी तीच देत होती. मागून येणारं इंदूरचं एक कुटुंबही तिच्या हाकेवर हसायला लागलं.

फुस्स एकवेळ चालून गेलं असतं. खरा घोटाळा गर्दीचा. दरवाजावरचा माणूस आठ-दहा जणांचा गट सोडतो आणि पहिला गट दुसऱ्या खोलीत पोचायच्या आत पुढचा गट ढकलतो. आत पाच-सहा खोल्या आणि दोन बोळ, म्हणजे सगळी एकच आगगाडी होते. पुढच्या गटावर जे भूत उडी मारतं ते तुम्हाला मागून आधीच दिसतं, आणि तुम्ही तिथे पोचता तेव्हा ते बिचारं मागे सरकत असतं. पुतळा पूर्ववत व्हायलाही काही सेकंद लागतात, त्यामुळे रांगेतल्या अर्ध्या लोकांना भूत फक्त परत जाताना दिसतं. आमच्याकडे दशावतारात राक्षस येतो तो प्रेक्षकांच्या मधून, आरोळी ठोकत. डोळे रंगमंचाकडे आणि आवाज पाठीमागून, म्हणून तर दरवर्षी तोच राक्षस बघणारी म्हातारी माणसंही दचकतात. एंट्री एकदा दिसली की संपलं. इथे तर दहा फुटांवरून एंट्री दिसते, तीही पाठमोरी.

एका खोलीत जुनी नाटकी युक्ती होती, ती बघून मात्र मला बरं वाटलं. काचेपलीकडच्या रिकाम्या खुर्चीवर हळूहळू एक बाई उमटते आणि विरून जाते. हा प्रकार १८६२ साली लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निकमध्ये जॉन हेन्री पेपर यांनी रंगमंचावर गाजवला, म्हणून त्याला पेपर्स घोस्ट म्हणतात. प्रेक्षक आणि देखावा यांच्यामध्ये मोठी काच तिरकी, साधारण ४५ अंशांत उभी करतात. बाजूला प्रेक्षकांना न दिसेल अशा कोपऱ्यात दुसरी आकृती असते, तिच्यावर उजेड वाढवला की तिचं प्रतिबिंब काचेत पडतं आणि आकृती देखाव्यात तरंगल्यासारखी भासते. कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमध्ये १९६९ साली उघडलेल्या हाँटेड मॅन्शनमधली नाचणारी भुतं याच तत्त्वावर आहेत. या सगळ्याला एकच अट: काच दिसता कामा नये. इथे कठडा नसल्यामुळे लोक थेट काचेला नाक लावतात, आणि उजेड वाढला की भुताआधी दिसतात ते लहान मुलांच्या हातांचे ठसे. खाली कोणीतरी बोटाने बदामही काढून ठेवला होता. कोणी दिवसातून दोनदा फडकं मारलं आणि चार फुटांवर एक दोरी बांधली, तर ही खोली अख्ख्या भूतघरात सर्वांत भारी ठरेल. खर्च किती? फडक्याचा.

पुढे बोळात मुखवटा घातलेला एक खराखुरा माणूस बसतो. आम्ही गेलो तेव्हा मुखवटा कपाळावर सरकवून तो मोबाइल बघत होता, आणि त्या निळ्या उजेडात तो भुतापेक्षा थकलेला जास्त वाटला. आम्हाला बघून घाईघाईने मुखवटा खाली ओढला आणि "हुऽऽ" केलं. ताईने सवयीने विचारलं, "जेवलात का दादा?" तो हिंदीत म्हणाला, "अभी कहाँ मॅडम, ग्यारह बजे." मला त्याचा राग नाही आला. दुपारपासून त्या उकाड्यात, रबरी मुखवट्यात, धुराच्या यंत्राशेजारी बसायचं आणि दर मिनिटाला हुऽऽ करायचं. अशा कामाला दोन माणसं आलटून पालटून लागतात, आणि जिवंत माणसाला घाबरवणं जिवंत माणसालाच नीट जमतं. पुतळ्यांवर ओतलेल्या पैशातला थोडा इकडे वळवला असता तर हे भूतघर उभं राहिलं असतं.

सगळ्यांना खरोखर घाबरवलं ते एकाच जागेने, आणि तिथे एकही यंत्र नाही. शेवटच्या आधीचा बोळ पूर्ण काळोखाचा आहे. वरून ओलसर सुतळ्या लोंबतात, त्या चेहऱ्याला लागतात, आणि पायाखालची फळी मधेच जरा खचते. बस. भाची किंचाळली, भावोजींनी माझा दंड धरला (नंतर नाकारलं), आणि मीही पाय उचलायला दोन क्षण घेतले. बोळ दहा-बारा पावलांचा असेल. बाकीचं सगळं मिळून सात मिनिटांत आटोपतं.

एक गोष्ट मला पटली. व्हँपायर, नन, जोकर, रक्ताळलेला डॉक्टर अशी सगळी परदेशी मंडळी भरलीत, म्हणून बरोबरची काही माणसं नाराज होती. गोव्याची भुतं कुठायत, देवचार का नाही, वगैरे. माझं मत उलटं आहे. देवचार हा आमच्याकडे भुताखेतात मोजत नाहीत, तो गावचा राखणदार. खांद्यावर कांबळ, हातात काठी, रात्री सीमेवरून फिरतो, आणि त्याला नारळ, रोट, विडी ठेवणारी माणसं आजही गावोगावी आहेत. त्याला रबरी मुखवटा घालून कॉम्प्रेसरवर बसवला असता तर आईने बाकड्यावरून उठून येऊन भांडण केलं असतं. ननवरून ख्रिस्ती शेजाऱ्यांना काय वाटत असेल, ते मात्र कोणी विचारलेलं दिसत नाही.

आता जाणाऱ्यांसाठी. आठवड्याच्या मधल्या वारी, उघडल्या उघडल्या जा. तेव्हा काचही त्यातल्या त्यात पुसलेली असेल आणि भूतही ताजं. दारावरच्या माणसाला सरळ सांगा की पुढचा गट बाहेर पडल्यावर आम्हाला सोडा. आमच्या मागच्या इंदूरवाल्यांनी नंतर हुज्जत घातली तेव्हा त्यांना पुन्हा फुकट सोडलं, आणि दुसऱ्या फेरीत जास्त मजा आली असं ते म्हणाले. म्हणजे मागितलं की मिळतं. गट चार जणांचाच ठेवा. सर्वांत घाबरट माणसाला पुढे नाही, शेवटी ठेवा. पुढच्याला निदान वाट दिसते.

दम्याचा त्रास असेल तर धुराच्या खोलीमुळे टाळलेलं बरं, आणि आकडी येणाऱ्यांनी तर जाऊच नये, कारण तिसऱ्या खोलीत लखलखणारे दिवे आहेत. बाहेर तशी सूचना आहे, पण ती तिकीटखिडकीच्या खाली, गुडघ्याच्या उंचीवर. फळी खचते तिथे उंच टाचांच्या चपला नकोत. आणि आत शिरताना बाहेर पडायचे हिरवे दिवे कुठे आहेत ते बघून ठेवा. काळोख, अरुंद बोळ, फोम आणि कापड अशा जागी आग लागली तर काय होतं ते न्यू जर्सीतल्या एका मनोरंजन उद्यानात ११ मे १९८४ रोजी दिसलं. तिथल्या भूतवाड्यात आठ मुलं दगावली. त्यानंतर अमेरिकेत अशा बांधकामांना पाण्याचे फवारे सक्तीचे झाले. आमच्या भूतघरात मला एक हिरवा दिवा दिसला, तो पेटलेला होता. दुसरा दरवाजा होता, पण त्याच्यासमोर तुटकी शवपेटी ठेवलेली. बाहेर आल्यावर मी ती बाजूला करायला सांगितली, "हो सर" म्हणाले. तुम्ही गेलात तर पुन्हा सांगा.

बाहेर पडताना तुमचा दचकलेला फोटो छापून समोर धरतात. आमच्या फोटोत कोणीच दचकलेलं नव्हतं, भाची तर बोट दाखवून हसतेय. घेणं सक्तीचं नाही.

भुताच्या ओढीने गोव्यात आलेले बरेच जण कासावलीच्या टेकडीवरचं तीन राजांचं कपेलही (छोटं चर्च) यादीत टाकतात आणि मध्यरात्री तिथे जातात. तसं करू नका. ते चालतं-बोलतं देवस्थान आहे, ६ जानेवारीला तिथे मोठं फेस्त भरतं, तीन मुलगे राजांच्या वेषात घोड्यावरून टेकडी चढतात. रात्री गाड्यांचे हॉर्न आणि मोबाइलच्या विजेऱ्या घेऊन येणाऱ्यांचा गावाला ताप होतो. संध्याकाळी ऊन उतरताना जा, समुद्रापर्यंतचा मुलूख दिसतो. घाबरण्यासारखं तिथे काही नाही. आणि दिवाळीच्याच दिवसांत येणार असाल तर ३०० रुपये खिशातच राहू द्या. नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री पणजी, म्हापसा, फोंडा, कुठेही जागे राहा. वाड्यावाड्यावरच्या पोरांनी केलेले दोन-दोन मजली नरकासुर, काहींचे हात आणि डोळे हलणारे, ढोलताशाच्या गजरात फिरतात आणि पहाटे जाळले जातात. त्याला तिकीट नाही, फक्त कानात बोळे घाला आणि फटाक्यांपासून मुलांना लांब ठेवा.

भाड्याची दुचाकी घेऊन येणार असाल तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेलीच घ्या. खाजगी पाटीची गाडी भाड्याने घेतली आणि पोलिसांनी अडवलं तर दंडाचा ताप तुम्हालाच. हेल्मेट दोघांनाही मागून घ्या. जेवण कळंगुटच्या हमरस्त्यावर करू नका. आम्ही म्हापशाला परत येऊन गाड्यावर रोस ऑम्लेट (ऑम्लेटवर मसालेदार रस्सा, तोच रोस) आणि पाव खाल्ले. सहा जणांचं बिल दोन तिकिटांपेक्षा कमी झालं, आणि भाच्याने दुसऱ्यांदा रोस मागितला.